डोंगराची घाई आणि मेंदूची सूज

आजच्या बोलण्याची सुरुवात आम्ही एका रोखकीर्दीपासून करतो.

आमच्या एका गटाच्या वहीत एका महिन्याचं पान असं आहे, की त्यावर एकाच सभासदाचा शंभर रुपयांचा हप्ता तीनदा जमा धरलाय. खालची बेरीज दोनदा खोडलीय आणि तिसऱ्यांदाही ती चुकलीच आहे. हे पान लिहिलं आमच्या खजिनदार ताईंनी. सात वर्षं त्या वही लिहीत होत्या आणि कधी एका रुपयाचा फरक निघाला नव्हता. ते पान पाहून गावात दोन गोष्टी बोलल्या गेल्या. कुणी म्हणालं, पैशाला हात लागलाय. कुणी म्हणालं, यात्रेहून आल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, वही काढून घ्या.

पहिली गोष्ट साफ खोटी होती. दुसरी अर्धी खरी होती. ती किती खरी, हे समजून घ्यायला आम्हांला डॉक्टरांना विचारावं लागलं, बरंच वाचावं लागलं. त्यातून हाती आला तो एका आजाराचा दोन हजार वर्षांचा इतिहास. तोच आज सांगायचा आहे. पण आधी यात्रेत काय घडलं ते ऐका.

आमच्या गटांतल्या अकरा जणी अमरनाथला निघाल्या. आम्ही दोघी समन्वयक सोबत होतो. सगळ्यांची आरोग्य प्रमाणपत्रं झालेली होती. खजिनदार ताई तर आमच्यात सगळ्यांत काटक. बेचाळिसाव्या वर्षी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांध चढणाऱ्या. जम्मू समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटर उंचीवर. तिथून बसने पहलगाम, दुसऱ्या सकाळी चंदनवाडी, तिथून चढ, आणि संध्याकाळी शेषनागचा तळ, म्हणजे साडेतीन हजार मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर आम्ही दोन दिवसांत जाऊन पोचलो.

त्या रात्री ताईंचं डोकं ठणकत होतं. त्या जेवल्या नाहीत, दोनदा उलटी झाली. आम्ही म्हणालो, प्रवासाचं पित्त असेल. सकाळी त्यांना घोड्यावर बसवलं आणि महागुणसची खिंड ओलांडून पंचतरणीला नेलं. खिंड चार हजार मीटरच्याही वर आहे. "एवढ्या लांब आलोय, उद्या दर्शन झालं की सगळं बरं वाटेल," असं आम्हीच म्हणालो. हे कबूल करायला हवं, कारण आजचं सगळं बोलणं या वाक्याविषयी आहे.

पंचतरणीत संध्याकाळी त्यांना निऱ्या जमेनात. उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालू लागल्या. तंबूतून बाहेर पडल्या तर झिंगल्यासारख्या डुलत होत्या. सुनेला विचारलं, "तू कुणाची गं?" सोबतची एक म्हणाली, वारं आलंय. दुसरी म्हणाली, भोळा शंकर परीक्षा बघतोय, नामस्मरण करा. एकीने मात्र वैद्यकीय तळ गाठला. डॉक्टरांनी ताईंना जमिनीवरच्या एका सरळ रेघेवर, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांगितलं. त्या तिसऱ्या पावलाला कलल्या. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे. दर्शन विसरा, हिला खाली न्या." रात्रभर प्राणवायू दिला, इंजेक्शन दिलं आणि फटफटताच पालखीतून बालटालच्या बाजूने खाली उतरवलं. दर्शन आमच्यापैकी चौघींचं राहिलं. ताई वाचल्या.

आता इतिहासाकडे वळू.

या आजाराची सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक चीनमधली आहे, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली. हान राजवटीतला एक अधिकारी दरबारात सांगतो की काश्मीर-गांधारच्या बाजूला दूत पाठवू नयेत, कारण वाट फार धोक्याची आहे. वाटेत मोठा डोकेदुखीचा डोंगर आणि लहान डोकेदुखीचा डोंगर लागतो. तिथे माणसांचं अंग तापतं, चेहरा उतरतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. गाढवांचं आणि गुरांचंही तेच होतं, असं तो म्हणतो. मैत्रिणींनो, हे शेवटचं लक्षात ठेवा. गाढवाची काही भक्ती कमी पडलेली नसते.

हिमालयातल्या लोकांना हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. नेपाळीत त्याला 'लेक लागणे' म्हणतात. तिथे लेक म्हणजे उंच डोंगर. आपल्याला ऐकताना मात्र पोरीचीच आठवण होते. कुठे खिंडीतल्या विषारी फुलांचा वास लागतो असं मानत, कुठे हवेतच विष आहे असं म्हणत. कारण चुकीचं होतं, पण एक गोष्ट बरोबर होती. दोष आजाऱ्याचा नाही, जागेचा आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

दक्षिण अमेरिकेत पेरूच्या डोंगरात होसे दे अकोस्ता नावाच्या स्पॅनिश पाद्र्याला हाच त्रास झाला. १५९० मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने लिहिलं की तिथली हवा माणसाच्या श्वासाला पुरत नाही, इतकी पातळ आहे. पुढे १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते प्रयोगांनी सिद्ध केलं. हवेचा दाब कमी करता येईल अशा लोखंडी खोलीत तो स्वतः बसला. दाब कमी झाला की त्याला त्रास होई आणि प्राणवायू हुंगला की बरं वाटे.

म्हणजे होतं काय? उंचावरच्या हवेतही प्राणवायूचा वाटा शेकडा एकवीसच असतो. पण हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात येणारी हवाच कमी. साडेतीन हजार मीटरवर एका श्वासात खालच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो आणि साडेपाच हजारांवर निम्मा. शरीराला वेळ दिला तर ते जुळवून घेतं. श्वास वाढतो, रक्तात बदल होतात. पण त्याला दिवस लागतात. वेळ दिला नाही, तर मेंदू जास्त रक्त ओढून घेतो, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि मेंदू फुगू लागतो. कवटी तर हाडाची. कणीक फुगली तर परातीबाहेर येईल, मेंदूला तशी जागा नसते. मग तोल जातो, बोलणं अडखळतं, माणसं ओळखू येत नाहीत, पुढे गुंगी येते. तेव्हाही खाली आणलं नाही, तर एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो.

मेंदूचा हा त्रास वेगळा ओळखून नीट लिहून ठेवला तो १९१३ साली थॉमस रेव्हनहिल या इंग्रज डॉक्टरने. तो दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, साडेचार हजार मीटरच्याही वर असलेल्या खाणींवर नोकरीला होता. तिकडे या आजाराला 'पुना' म्हणत. आपल्या पुण्याशी त्याचा काही संबंध नाही. रेव्हनहिलने पुनाचे तीन प्रकार केले: साधा, हृदयाचा आणि मेंदूचा. पूर्वी लोक डोंगर चढून येत, तेव्हा त्रास चढण्याच्या दमणुकीचा की उंचीचा, हे ठरत नसे. त्याच्या खाणीवर मात्र माणसं समुद्रकाठाहून रेल्वेत बसून यायची. दमलेली नसायची, तरी आजारी पडायची. तेव्हा दमणुकीचं कारण निकालात निघालं. पण त्याच्या लेखाकडे जवळजवळ पन्नास वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

ते लक्ष जायला एक लढाई व्हावी लागली, आणि ती आपलीच. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि मैदानी मुलखातले हजारो जवान विमानाने, ट्रकने लडाखच्या उंचीवर पोचवले गेले. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि पुढच्या चौक्या त्याहून खूप वर. तरणेबांड, कवायत करून कसलेले जवान डोकं धरून बसू लागले. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कितीतरी घरांतला मुलगा फौजेत असतो. त्या घरांतल्या आयांना हे ऐकून पोटात कसं होईल, ते सांगायला नको.

लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. त्या जवानांत २४ जण असे होते, की ज्यांच्या मेंदूवर गंभीर परिणाम झाला होता. हे मनाचं दुबळेपण नाही, मेंदूत खरोखर सूज आहे, असं या भारतीय डॉक्टरांनी मांडलं. जगभरात आजही या विषयावर लिहिताना त्यांचा तो लेख सांगितला जातो. तरुणपण आणि ताकद या आजारापासून वाचवत नाही, हेही त्या नोंदींनी दाखवलं. उलट ताकदवान माणूस दुखणं दाबून भराभर वर जातो आणि जास्त फसतो.

त्यातून फौजेने नियम केला. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस थांबायचं, त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम. त्याच्या वर पंधरा हजारांपर्यंतच्या टप्प्यावर आणखी चार दिवस, आणि त्याच्याही वर जायचं तर आणखी चार. हिशेब सोपा आहे: सहा, चार, चार. आम्ही नऊ हजार फुटांपासून चौदा हजारांपर्यंत किती दिवस घेतले होते? दोन.

नेपाळमध्येही तेच दिसलं. तिथे लुक्ल्याला विमानाची धावपट्टी झाली आणि एव्हरेस्टच्या वाटेवर जाणारे लोक आठवडाभराची चाल वाचवू लागले. १९७५ मध्ये चार्ल्स ह्यूस्टन आणि जॉन डिकिन्सन या डॉक्टरांनी मेंदूच्या या आजाराची प्रकरणं एकत्र मांडली आणि वैद्यकांनी तो स्वतंत्र आजार म्हणून मान्य केला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, पीटर हॅकेट यांनी सहकाऱ्यांसह फेरिचे गावातला अभ्यास छापला. गाव ४,२४३ मीटरवर आहे. तिथून जाणाऱ्या २७८ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना उंचीचा कमी-जास्त त्रास झाला होता, आणि विमानाने आलेल्यांत त्याचं प्रमाण पायी आलेल्यांपेक्षा जास्त होतं.

चिलीची रेल्वे, लडाखची विमानं, लुक्ल्याची धावपट्टी, आमची बस आणि घोडा. इतिहास वाचताना आम्हांला हाच धागा दिसला. डोंगर तेच आहेत, वाट सोपी झाली आणि आजार जवळ आला. आपल्या आज्या-पणज्या काशी-केदारला जायच्या त्या महिनोन्‌महिने चालत. वाटेत मुक्काम करायच्या, धर्मशाळेत राहायच्या. त्यांना दगदग होतीच, पण शरीराला उंचीची सवय करायला वेळ मिळत होता. आपल्याला सुट्टी आठ दिवसांची, परतीचं तिकीट आधीच काढलेलं.

यात्रेकरूंचाच एक अभ्यासही आहे. नेपाळात गोसाईंकुंड नावाचं तळं आहे, ४,३०० मीटरच्या आसपास. आपल्याकडे ज्या दिवशी नारळी पौर्णिमा असते, त्याच श्रावणी पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. लोक दोन-तीन दिवसांत चढून जातात. डॉ. बुद्ध बस्न्यात आणि सहकाऱ्यांनी तिथे दोनशेहून अधिक यात्रेकरू तपासले आणि २००० साली ते छापलं. निम्म्याहून अधिक लोकांना उंचीचा त्रास होता आणि त्यांतल्या पुष्कळांचा तोल गेलेला, भान हरपलेलं होतं. म्हणजे आमच्या ताई एकट्या नव्हत्या. देवाच्या वाटेवर डुलत चालणारी, काहीबाही बोलणारी कितीतरी माणसं 'वारं आलं' म्हणून सोडून दिली गेली असतील.

आता वहीच्या पानाकडे परत येऊ. गावात प्रश्न होता, की बाईचं डोकं पुन्हा ताळ्यावर येणार का? त्याचंही उत्तर इतिहासात मिळालं.

१९९८ मध्ये हॅकेट आणि सहकाऱ्यांनी या आजारातून खाली आणलेल्या नऊ रुग्णांचे एमआरआय काढले. सात जणांच्या मेंदूत पांढऱ्या भागात सूज दिसली, विशेषतः मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्या भागांना जोडणारा जो पूल असतो, त्याच्या मागच्या टोकाला. करड्या भागात बिघाड दिसला नाही. ते सगळे रुग्ण बरे झाले. त्यांतल्या चौघांचा एमआरआय पुन्हा काढता आला, तेव्हा सूज पूर्ण ओसरलेली होती. ही मोठी आशेची गोष्ट होती. मेंदू मेलेला नव्हता, भिजला होता. वेळेवर खाली आणलं तर तो सुकतो.

पण पुढचा भागही प्रामाणिकपणे सांगायला हवा. नंतरच्या वर्षांत अधिक बारकाईने काढलेल्या एमआरआयमध्ये, हा आजार होऊन गेलेल्यांच्या मेंदूच्या त्याच पुलात रक्ताचे अगदी बारीक ठिपके वर्षांनंतरही आढळले. आणि बरं होणं म्हणजे दिवा लावल्यासारखं नसतं. कुणी दोन दिवसांत पूर्वीसारखं होतं, कुणाला कित्येक आठवडे लागतात. ओळख आणि बोलणं लवकर परत येतं. चालण्यातला डोल, एकाग्रता, आकडे डोक्यात धरून ठेवणं हे मागून येऊ शकतं. फार उशिरा खाली आणलेल्या काही थोड्यांत कायमचा अधूपणाही राहतो.

आमच्या ताईंचं अगदी असंच झालं. बालटालला पोचल्यावर संध्याकाळी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली. गावी आल्यावर स्वयंपाक, गोठा सगळं करू लागल्या. म्हणून सगळ्यांना वाटलं, बरी झाली. त्यांनाही तसंच वाटलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्या वही घेऊन बसल्या. आकडा लिहायच्या आणि लिहिला की नाही हेच आठवायचं नाही, म्हणून पुन्हा लिहायच्या. तीनदा जमा झालेला हप्ता तो असा.

बैठकीत वही काढून घ्यायचा ठराव मांडला गेला. ताई काही बोलल्या नाहीत, नुसती किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. त्या वेळी आमच्या लक्षात आलं, की आम्ही वर चढताना जी घाई केली, तीच आता खाली बसून करतोय. तिथे शरीराला वेळ दिला नाही, इथे मेंदूला देत नव्हतो. बरीच चर्चा झाली. दोघी-तिघी नाराजही झाल्या, कारण पैसा सगळ्यांचा आहे आणि त्यांची काळजी चुकीची नव्हती. शेवटी ठरलं ते असं: वही ताईंकडेच राहील, पण शेजारी दुसरी सभासद बसेल, प्रत्येक जमा मोठ्याने वाचली जाईल, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचार करू. मधल्या काळात त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, भरपूर झोप घ्या, एका वेळी एकच काम करा, आणि चूक झाली की घाबरू नका.

पहिल्या महिन्यात चार चुका निघाल्या, दुसऱ्यात एक. तिसऱ्या महिन्यात चूक शेजारी बसणारीची निघाली आणि ती ताईंनी धरली. आज वही त्याच लिहितात. मोठ्याने वाचायची पद्धत मात्र आम्ही मोडली नाही, कारण ती सगळ्यांच्याच फायद्याची निघाली. पंचतरणीची रात्र ताईंना अजूनही आठवत नाही. त्या म्हणतात, "ते तुम्ही जपून ठेवा, मला नको." ती रात्र आम्ही जपून ठेवलीय, आणि पुढच्या यात्रेसाठी काही गोष्टी ठरवल्यात. तुमच्या गटातही त्या वाचून दाखवा.

अडीच हजार मीटरच्या वर जायचं असेल तर मुक्कामाचे दिवस आधी धरा आणि तिकीट त्यानंतर काढा. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून ही यात्रा किती उंचीची आहे ते सांगा. त्यासाठीची औषधं असतात, पण ती त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायची. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, तर तिथेच थांबा आणि त्रास जाईपर्यंत एक पाऊलही वर टाकू नका. दोघी-दोघींची जोडी करा आणि रोज संध्याकाळी एकमेकींना टाचेला अंगठा लावून चालायला सांगा. ज्या बाईचा मेंदू सुजलाय तिला स्वतःला ते कळत नाही. ती म्हणणार, मी बरी आहे. म्हणून निर्णय तिच्यावर सोडू नका. तोल गेला, बोलणं बदललं, तर रात्र असो की पाऊस, मदत बोलवा, प्राणवायू मिळत असेल तर द्या, आणि तिला खाली आणा. निदान हजार मीटर तरी. तिला एकटी कधीच पाठवू नका.

आणि ती घरी आल्यावर, तिच्या हातून काही सांडलं, काही विसरलं, हिशेब चुकला, तर तिला वेडी म्हणायच्या आधी काही महिने थांबा. शेजारी बसा आणि आकडा मोठ्याने वाचा. उतरायला जसा धीर लागतो, तसाच बरं व्हायलाही लागतो.

येत्या पावसाळ्यात आमच्या दोन गटांतल्या चौदा जणी केदारनाथला निघाल्यात. देऊळ ३,५८३ मीटरवर आहे. यादी करताना खजिनदार ताईंनी मुक्कामाचे तीन दिवस वाढवले आणि खर्चाची बेरीज स्वतः केली. आम्ही ती दोनदा तपासली. बरोबर आहे.